गाडीच्या चाकातला न दिसणारा गारा: रिमची आतली बाजू कशी तपासायची आणि कशी साफ करायची?



गाडी धुतली म्हणजे चाकंही धुतली, असं आपण धरूनच चालतो. पाइप घेतला, बाहेरून पाणी मारलं, अलॉय चमकले, फोटो काढून स्टेटसला टाकला, झालं. पण चाकाचा जो भाग उभ्या उभ्या दिसतो तो निम्म्याहून कमी असतो. रिमची आतली गोल बाजू, स्पोकची पाठ, नटांचे खड्डे, ब्रेकच्या कॅलिपरमागची जागा, मडगार्डच्या आतली खोबण, इथे ना हात पोचत ना नजर. आजचा लेख या उरलेल्या भागाबद्दल आहे. इथे फोनचा काय संबंध, असं वाटेल, पण अर्धं काम फोननेच होतं.

हे सगळं मला कळलं ते शौक म्हणून नाही. मागच्या पावसाळ्यात दर्यापूरकडच्या शेतातून पांदण रस्त्याने गाडी काढली. चाकं रुतली, कशीबशी बाहेर आली. घरी अमरावतीला येऊन बाहेरून मस्त धुतली. दोन दिवसांनी आई-बाबांना घेऊन अकोल्याला निघालो. बडनेरा गेलं, लोणी गेलं, आणि काटा ८० च्या वर गेला की स्टेअरिंग थरथरायला लागलं. ९० ला तर हातातली घड्याळ हलताना दिसत होती. बाबा म्हणाले, "हळू घे, काहीतरी निखळलं असंल." परत ६० वर आलो, थरथर बंद. आई अख्खा रस्ता समोरच्या सीटला धरून बसली होती.

एका वर्कशॉपमध्ये अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतलं, फरक शून्य. दुसऱ्या वेळी त्यांनी खालचा आर्म आणि बॉल जॉइंट बदलायला सांगितले, अंदाज नऊ हजारांचा. शेवटी मूर्तिजापूरला एका पंक्चरवाल्या काकांकडे हवा भरायला थांबलो होतो. त्यांनी चाकामागे हात घातला, बोटभर जाडीचा वाळलेला चिखल काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, बॅलन्सिंग काऊन करून रायले? आधी गारा तर काढा ना!" मग चाक खोलून आतून साफ केलं. पुढे बोरगाव मंजूपर्यंत स्टेअरिंग एकदम शांत.

बॅलन्सिंग करणाऱ्याने आतला चिखल न काढताच चाक मशीनवर चढवलं होतं. म्हणजे त्याने चिखलासकट बॅलन्स केला! नंतर रस्त्यात थोडा चिखल गळून पडला, आणि लावलेली वजनंच चुकीची ठरली. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: बॅलन्सिंगला जाण्याआधी चाक आतून साफ पाहिजे. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा आणि समोर उभं राहून बघा.

५० ग्रॅम चिखलाने एवढं काय होतं?

इथे थोडं गणित करू या, कारण याशिवाय विश्वास बसत नाही. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ मापाचे टायर येतात. या टायरचा एक पूर्ण फेरा गाडीचं वजन धरून साधारण १.८९ मीटरचा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार करा: चाक सेकंदाला जवळजवळ १५ वेळा फिरतं.

आता रिमच्या आत, केंद्रापासून साधारण साडेसोळा सेंटिमीटरवर, एका जागी ५० ग्रॅम माती चिकटली आहे असं समजा. म्हणजे एका अंड्याएवढं वजन. या वेगाला ती माती चाकाला बाहेरच्या दिशेने सुमारे ७० न्यूटन, म्हणजे ७ किलो वजनाइतक्या जोराने ओढते. आणि ही ओढ सेकंदाला १५ वेळा वर, पुढे, खाली, मागे अशी फिरत राहते. वेग निम्मा केला तर हा जोर निम्मा नाही, चौथाई होतो. ५० च्या वेगाला तो दोन किलोपेक्षाही कमी. म्हणून गावात गाडी चालवताना काहीच कळत नाही आणि हायवेवर अचानक भूत लागल्यासारखं होतं. त्यात बहुतेक गाड्यांच्या चाकांची स्वतःची उडण्याची वारंवारिता सेकंदाला १० ते १५ च्या आसपास असते. चाकाच्या फेऱ्या तिथे पोचल्या की झोका योग्य वेळी ढकलल्यासारखी थरथर वाढते.

आपला अमरावती-अकोला रस्ता आता चांगला झालाय हे खरं. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला, तो तुम्हाला आठवत असेल. पण रस्ता गुळगुळीत झाल्यामुळेच आपण ८०-९० ने जातो, आणि चाकातला दोष बरोबर तिथेच बाहेर येतो. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर कोणाला कळलं असतं!

वऱ्हाडातली माती वेगळी का वागते?

पुण्या-मुंबईकडचे कार क्लीनिंगचे व्हिडिओ बघून इथे काम होत नाही, कारण त्यांची घाण वेगळी. त्यांचा भर ब्रेकच्या धुळीवर असतो. आपल्याकडे ब्रेकची धूळ तर आहेच, वरून काळी माती.

काळ्या कापसाच्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. माती फुगते, लोण्यासारखी चिकट होते. वाळली की आकसते, भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीच्या. रिमच्या आत हीच गोष्ट लहान प्रमाणात घडते: ओली असताना सगळीकडे लिंपली जाते, वाळली की जाड थर बनून बसतो, मग एखाद्या खड्ड्यात त्यातला एक तुकडा निखळून पडतो आणि चाकाचा तोल एका बाजूला जातो. सगळीकडे सारखा थर असता तर एवढा त्रास झालाच नसता.

आता यातून सफाईची खरी युक्ती निघते, ती शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही पटेल. ओल्या गाऱ्याला ब्रशने घासू नका. तो निघत नाही, ब्रशमध्ये भरतो आणि पुढच्या स्पोकला लागतो. एक तर तो पातळ असतानाच, म्हणजे शेतातून आल्या आल्या, भरपूर पाण्याने वाहवून टाका. ते जमलं नाही तर वापसा येऊ द्या. पेरणीआधी माती ना ओली ना कोरडी अशी भुसभुशीत होते ना, तशी. त्या अवस्थेत लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर चक्क वडीसारखा निघतो. आणि पूर्ण वाळून दगड झाला असेल तर घासत बसू नका. त्यावर पाणी शिंपडा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. पूर्ण कोरड्या चिकणमातीला पाणी मिळालं की ती आपोआप फुटते, ढेकूळ पाण्यात टाकल्यावर विरघळतं तसंच. वीस मिनिटांनी पुन्हा पाणी मारा, निम्म्याहून जास्त काम झालेलं असेल.

फोनने आत कसं बघायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे फोनचा कॅमेरा. व्हिडिओ मोड लावा, फ्लॅश चालू करा, फोन पारदर्शक झिपच्या पिशवीत टाका आणि टायरच्या मागच्या बाजूने आत धरून हळूहळू फिरवा. नंतर बाहेर बसून व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. आधी गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली तुमच्या खिशात, आणि चाकं थंड. नुकत्याच चालवलेल्या गाडीची ब्रेक डिस्क चटका देण्याइतकी तापलेली असते.

यापेक्षा नीट बघायचं असेल तर यूएसबी एंडोस्कोप मिळतो. लवचिक वायरच्या टोकाला पेनाएवढ्या जाडीचा कॅमेरा आणि भोवती छोटे एलईडी. ऑनलाइन साधारण पाचशे ते हजार रुपयांत येतो. अँड्रॉइड फोनला ओटीजीने जोडला जातो. इथे दोन गोष्टी लोकांना अडवतात. एक, वनप्लस, ओप्पो, रिअलमी, विवोच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. मग वाटतं कॅमेराच खराब निघाला. दोन, डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो प्ले स्टोअरच्या बाहेरची एपीके फाइल उतरवायला सांगतो. ती घेऊ नका. कॅमेरा बघायला कॉन्टॅक्ट आणि एसएमएसची परवानगी कशाला लागते? यूएसबी कॅमेरा दाखवणारी साधी ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत, बहुतेक एंडोस्कोप त्यावर चालतात. विकत घेण्याआधी वर्णनात यूव्हीसी सपोर्ट लिहिलाय का एवढं बघा. आयफोनवाल्यांनी वायफायवाला प्रकार घ्यावा, वायरवाला बहुधा चालणार नाही.

चाक साफ असताना चारही चाकांच्या आतल्या बाजूचे फोटो काढून एका अल्बममध्ये ठेवा. रिमच्या आत छोटे चौकोनी राखाडी तुकडे चिकटवलेले दिसतील, ५-५ किंवा १०-१० ग्रॅमचे. ती बॅलन्सिंगची वजनं. साफ करताना उत्साहात ती खरवडून निघाली तर तुम्ही चिखल काढून नवीन थरथर विकत घेतली असं होईल. जुना फोटो असला की एखादं वजन गळालंय का ते लगेच कळतं.

थरथर खरंच चाकाची आहे का?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. फोनमधले सेन्सर वापरून भौतिकशास्त्राचे प्रयोग करायला बनवलेलं. त्यात प्रवेगाचा स्पेक्ट्रम दाखवणारा प्रयोग आहे, म्हणजे फोन कोणत्या वारंवारितेने हलतोय त्याचा आलेख.

फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा आणि शेजारी बसलेल्याला मोजणी सुरू करायला सांगा. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, यावर चर्चा नाही. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने थोडा वेळ जा. आता आलेखातला उंच टोकदार भाग कुठे आहे ते बघा. वरच्या टायरसाठी चाकाची वारंवारिता ६० च्या वेगाला साधारण ९ हर्ट्झ, ८० ला १२, १०० ला १५. तुमच्या टायरसाठी काढायचं तर वेगाला ३.६ ने भागा आणि आलेल्या उत्तराला टायरच्या परिघाने, तोही मीटरमध्ये, भागा. टोक या आकड्यावर येत असेल आणि वेगाबरोबर सरकत असेल तर गडबड चाकात आहे. त्याच वेगाला गिअर बदलून बघा: टोक जागचं हललं तर इंजिनाकडे बघा, कारण वेग तोच असताना गिअर बदलल्याने इंजिनाचे फेरे बदलतात, चाकाचे नाही. २५०० आरपीएमला इंजिन सेकंदाला जवळजवळ ४२ वेळा फिरतं, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब असतात, गोंधळ होत नाही.

हा आलेख असता तर मी बॉल जॉइंटच्या गप्पा ऐकत बसलो नसतो. अर्थात चाकातली गडबड म्हणजे चिखलच असं हे ॲप सांगत नाही. रिम वाकली असेल, टायरला फुगा आला असेल, तरी टोक तिथेच येईल. टायरच्या भिंतीवर फुगा दिसला तर सफाईचा विचार सोडा, स्टेपनी लावा. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हलत असेल तर ते काम डिस्कचं आहे, मेकॅनिककडे जा.

सामान काय लागतं?

महागडे व्हील ब्रश छान असतात, पण घरातल्या वस्तूंवर काम भागतं. बाटली धुवायचा लांब ब्रश घ्या आणि त्याच्या टोकाची तार इन्सुलेशन टेपने गुंडाळा, नाहीतर ती रिमवर रेघोट्या मारते. नटांच्या खड्ड्यांसाठी जुना टूथब्रश. स्पोकच्या पाठीमागे हात जात नाही तिथे लाकडी उलथण्यावर जुना सुती मोजा चढवून रबरबँड लावा. आणि स्पोक व कॅलिपर यांच्यातल्या फटीसाठी जुन्या सुती साडीची लांब पट्टी. ती एका फटीतून आत घालायची, दुसरीतून बाहेर काढायची, आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तशी आलटून पालटून ओढायची. या एका पट्टीने जे निघतं ते कुठल्याही ब्रशने निघत नाही. कापसाच्या मुलखात सुती चिंधीची काय कमी!

पाणी मारायला दोन लिटरचा हातपंप, कुंड्यांना वापरतात तो, पुरतो. घरातला फवारणीचा पंप मात्र यासाठी वापरू नका. कीटकनाशक आणि तणनाशकाचे अंश टाकीत, नळीत राहतात आणि चाकावर मारलेलं पाणी उडून तोंडावरच येतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपल्या शेजारचंच आहे.

चाक न काढता कसं धुवायचं?

सावलीत, चाकं थंड असताना. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी शाम्पू लावला तर तो धुण्याआधीच वाळतो आणि डाग सोडतो. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीला करा. एका वेळी एकच चाक.

पुढची चाकं आधी. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाकाची एक कड मडगार्डच्या बाहेर येते आणि त्या कडेमागून हात आणि ब्रश सरळ रिमच्या आत जातो. मातीचा थर भिजवा, वेळ द्या, पट्टीने काढा, मग शाम्पूच्या पाण्याने ब्रश फिरवा. नंतर स्टेअरिंग उलट बाजूला पूर्ण वळवून दुसरी कड. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या वरच्या खोबणीतही बोटं फिरवा, तिथे किलोभर माती सहज निघते. ती चाकाचा तोल बिघडवत नाही, पण ओल धरून ठेवते आणि कडेचा पत्रा गंजवते.

मागची चाकं वळत नाहीत. तिथे मागून ब्रश घालून जेवढं पोचतं तेवढं करा, मग गाडी अर्धा फेरा, म्हणजे साधारण एक मीटर, पुढे घ्या आणि उरलेलं अर्धं करा. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यामुळे आत जागा कमी पण ब्रेकची काळी धूळही कमी.

साध्या लोखंडी रिमवर प्लास्टिकची व्हील कॅप असेल तर ती काढा. काही कॅप नटांनी धरलेल्या असतात, काही नुसत्या दाबून बसवलेल्या. दाबलेली असेल तर दोन्ही हातांनी चारही बाजूंनी थोडी थोडी ओढा, एकाच जागी स्क्रू ड्रायव्हर घातला की कान तुटतो. कॅपमागे काय काय सापडतं ते मी सांगत नाही, एकदा बघाच.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप असतो, तो कामाचा आहे, पण टायरपासून निदान एक फूट लांब धरायला सांगा. अगदी जवळून मारलेली धार टायरच्या भिंतीला इजा करू शकते आणि ती इजा बाहेरून दिसतही नाही. मधल्या हबवर, बेअरिंगच्या सीलवर सरळ धार नको. तिथेच एबीएसचा सेन्सरही असतो. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत तो बहुधा असणारच. अनेक गाड्यांत त्याची रिंग चुंबकीय असते आणि ब्रेकमधली लोखंडी धूळ तिला चिकटते. सेन्सरची वायर दिसली तर ब्रशने ओढू नका, एवढंच.

ब्रेकची काळी धूळ आणि जांभळं पाणी

पुढच्या अलॉयवर जी काळपट-तपकिरी धूळ धुऊनही जात नाही ती ब्रेक पॅड आणि डिस्कची झीज. त्यातले लोखंडाचे बारीक कण गरम असताना रंगावर बसतात, गंजतात आणि रुतून राहतात. शाम्पूने ते निघत नाहीत. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ यायला लागतात. रिल्समध्ये जे दिसतं ते हेच, आणि ते खोटं नाही. त्यातला थायोग्लायकोलेट नावाचा घटक लोखंडाशी जुळतो आणि तो रंग तयार होतो. हाच घटक केस काढायच्या क्रीममध्येही असतो, म्हणून वासही तसाच उग्र येतो. हातमोजे घाला, वाळू देऊ नका, पाच मिनिटांच्या आत भरपूर पाण्याने धुवा. महिन्या-महिन्याला गरज नाही, वर्षातून दोनदा पुष्कळ.

ही धूळ कोरडी असताना कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ती फुप्फुसात जाण्याइतकी बारीक असते, आणि स्वस्तातल्या बिननावाच्या पॅडमध्ये काय मिसळलंय ते कोण सांगणार? आधी ओली करा, मग पुसा.

आता ॲसिडबद्दल. काही ठिकाणी अलॉय झटपट चमकवायला पाण्यात ॲसिड मिसळून मारतात. चमक येते, खरंय. पण संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते ॲल्युमिनियम खातं. वरचा पारदर्शक थर जिथे टवका उडालाय तिथून ॲसिड आत शिरतं आणि काही महिन्यांत पांढऱ्या जाळ्या दिसायला लागतात. कॉस्टिक सोडाही तेच करतो, ॲल्युमिनियमला तीव्र ॲसिड आणि तीव्र अल्कली दोन्ही चालत नाहीत. काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडवालं ॲसिड असतं, ते त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती परत ठेवा.

डांबराचे ठिपके असतील तर चिंधीला थोडं रॉकेल लावून फक्त रिमच्या बाहेरच्या बाजूला पुसा आणि लगेच शाम्पूने धुवा. डिस्कवर, पॅडवर तेल, रॉकेल, टायर पॉलिश यातलं काहीही जाता कामा नये. डिस्कवर तेलाचा हात फिरला तर ब्रेक लागणार नाही, इतकं हे सरळ आहे.

खारं पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. तिथल्या बोअरच्या पाण्याने धुतलं की वाळल्यावर रिमवर पांढरे ठिपके उरतात. बाहेरचे आपण पुसतो, आतले तसेच राहतात. मीठ, ओल आणि लोखंडाची धूळ एकत्र आली की नट, व्हॉल्व्हची धातूची दांडी, बॅलन्सिंग वजनांच्या कडा, सगळं गंजायला लागतं.

उपाय साधा आहे. सगळं धुणं बोअरच्या पाण्याने करा, शेवटचं खंगाळणं फक्त नळाच्या पाण्याने. एका चाकाला दोन लिटर पुरतं, हातपंपात भरून वरून खाली मारायचं. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं, दोन्ही या कामाला उत्तम. उन्हाळ्यात अकोल्यात नळ रोज येत नाही हे मला माहीत आहे, माझी ताई तिथेच राहते. चार चाकांना आठ लिटर, तेवढंच मागा. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी बादलीत धरलं तर तेही चालतं. नंतर सुती फडक्याने आतली बाजू जमेल तेवढी टिपून घ्या.

चाक काढून सफाई कधी?

वर्षातून एकदा पुरे, आणि त्याचा मुहूर्त आपल्याकडे ठरलेलाच आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करतो, तोवर पाऊसही ओसरलेला असतो. त्याआधीच्या रविवारी चारही चाकं एकेक करून काढा. किंवा टायर आलटून पालटून लावायला पंक्चरवाल्याकडे जाल तेव्हा तिथेच आतून धुऊन घ्या, चाक आधीच खोललेलं असतं.

स्वतः काढणार असाल तर जागा सपाट आणि कडक हवी. काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही, वजन आलं की तो तिरपा होतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तिरप्या रेषेत समोर येणाऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. नट जॅक चढवण्याआधी थोडे सैल करा. जॅक फक्त कंपनीने दाखवलेल्या जागी. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना शरीराचा कुठलाही भाग तिच्याखाली घालू नका. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा, जॅक सटकलाच तर गाडी त्यावर येईल. धुणं गाडीपासून लांब करायचं असेल तर तोवर स्टेपनी लावून गाडी खाली घ्या.

परत लावताना हबचा आणि रिमचा एकमेकांना टेकणारा भाग कोरडा आणि स्वच्छ पाहिजे. तिथे मातीचा पापुद्रा राहिला तर चाक तिरपं बसतं, आणि काही किलोमीटरनंतर नट सैल होऊ शकतात. नट एकापाठोपाठ एक गोल नाही, समोरासमोरचे आवळा. किती घट्ट, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या घरात. व्हील पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नसते. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

धुतल्यावर लगेच निघायचंय?

ओल्या ब्रेकची पकड थोडी कमी असते. गल्लीतच हळू चालवत चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा, डिस्क वाळते. दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो जातो. ओल्या ड्रमवर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला तर कधी कधी तो चिकटतो, म्हणून सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

आणि सफाईनंतर चाकातून धातूवर धातू घासल्यासारखा कर्कश आवाज यायला लागला तर बहुतेक वेळा ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये एखादा खडा अडकलेला असतो. चिखल सुटताना तो तिथे सरकतो. गाडी हळूहळू मागे-पुढे करून बघा, बरेचदा तो पडून जातो. नाही पडला तर एंडोस्कोप आत घाला, खडा कुठे बसलाय ते दिसेल, आणि तो व्हिडिओ मेकॅनिकला दाखवा.